तीन इंच उंच गाडी

मी गाड्या उंच करतो. धंदा काय, असं कोणी विचारलं की मी एवढंच सांगतो आणि समोरच्याचं तोंड बघत बसतो. निम्म्यांना वाटतं मी क्रेन चालवतो. मग समजावून सांगावं लागतं, आणि समजावून सांगायला मला भारी आवडतं. चारही चाकांना जोर मिळतो अशी गाडी घेऊन लोक डोंगरात जातात, खाणीत जातात, नदीच्या पात्रात उतरतात. पण गाडीचं पोट एकदा दगडावर टेकलं की चार काय, चाळीस चाकं असली तरी ती नुसती गरागरा फिरणार. म्हणून पोट वर घ्यायचं. ते वर घ्यायचे तीन मार्ग आहेत आणि त्या तीन मार्गांवर मी उपाशीपोटी तासभर बोलू शकतो. माझी बायको म्हणते, भरल्या पोटी दोन तास.

बाबांनाही मी तो तास ऐकवला होता. तो ऐकवला नसता आणि गुपचूप त्यांचं ऐकलं असतं तर आज हे सांगायची वेळ आली नसती.

बाबा हवामानाच्या नोंदी ठेवायच्या नोकरीत होते. वरच्या पठारावर एक ठाणं होतं. दोन खोल्या, एक ओसरी, आणि समोर तारेच्या कुंपणात पाऊस, वारा, ऊन मोजायची यंत्रं. लग्न झाल्याझाल्या त्यांची बदली तिथे झाली आणि ते नि आई नऊ वर्षं तिथे राहिले. सकाळी साडेआठला एक नोंद, संध्याकाळी साडेपाचला दुसरी. आजारी असले तरी चुकायची नाही. आई त्या सरकारी कुंपणावर धुणं वाळत घालायची, ओल्या कपड्यांनी वाऱ्याची नोंद चुकते म्हणून बाबा चिडायचे. एकदा तर त्यांनी चक्क रजिस्टरात लिहिलं होतं, ‘कुंपणावर घरगुती वस्त्रे आढळली. संबंधितांस समज देण्यात आली.’ वरून आलेल्या साहेबाने ते वाचून संबंधित कोण म्हणून विचारलं, तर आईच चहा घेऊन बाहेर आली. ही गोष्ट आई शंभरदा सांगायची आणि बाबा शंभरदा खाली मान घालून हसायचे.

पुढे खाली बदली झाली, मग मी झालो, बाबा निवृत्त झाले आणि ठाणंही बंद पडलं. दोन वर्षांपूर्वी आई गेली. त्यानंतर बाबांनी माझ्याकडे काही म्हणजे काही मागितलं नाही. भाजी अळणी झाली तरी मीठ मागायचे नाहीत. असा माणूस एके दिवशी सकाळी गॅरेजात आला, माझ्या गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, “ही आपली गाडी वरच्या ठाण्यापर्यंत जाईल का रे?”

“कशाला?” मी विचारलं.

“एकदा बघून येऊ म्हणतो. पाय चालतायत तोवर.”

वरचा रस्ता वर्षातले पाचच महिने उघडा असतो. खाली एक गेट आहे, बाकीचे महिने ते बंद. त्या वेळी ते नुकतंच उघडलं होतं. बाबा म्हणाले, रस्ता तसा बरा आहे, पण शेवटच्या चढाला आडवा एक दगड आहे, पायरीसारखा, वीतभर उंच. जीप जायची. साध्या गाडीचं पोट घासायचं.

झालं. माझ्या अंगात संचारलंच. मी हातातला पाना ठेवला, बाबांना स्टुलावर बसवलं आणि सुरू झालो. पहिला मार्ग स्पेसर. चाकावरच्या स्प्रिंगच्या माथ्यावर एक जाड चकती बसवायची, गाडी इंचभर वर. स्प्रिंग तीच, धक्के झेलणारा शॉक तोच, म्हणजे टाचेखाली वीट ठेवून उंच झाल्यासारखं. दुसरा मार्ग, स्प्रिंगच लांब घालायची आणि तिच्या जोडीचा शॉक. दीडेक इंच. तिसरा मार्ग खरा. लांब स्प्रिंग, जोडीचे शॉक, शिवाय खालची अख्खी चौकट ठोकळे घालून खाली घ्यायची, म्हणजे चाकांना फिरवणाऱ्या दांड्यांचा कोन बिघडत नाही, आणि वर मोठे टायर. पूर्ण तीन इंच.

बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, “पहिल्याला किती दिवस लागतात?”

“एक.”

“मग पहिलंच कर. दगड वीतभर आहे, एका इंचात निघेल. मी खाली उतरून चाकं दाखवीन तुला.”

“बाबा, पहिलं मी गिऱ्हाइकालासुद्धा करून देत नाही. लोक काय म्हणतील, दुसऱ्याला अक्कल शिकवतो आणि स्वतःच्या गाडीला चकत्या?”

“लोक येणारेत का आपल्याबरोबर?” बाबा म्हणाले. जाता जाता दारात थांबले आणि म्हणाले, “आणि आधी एकदा रस्ता बघून ये. मी चाळीस वर्षांपूर्वीचं सांगतोय.”

“दगड कुठे जातोय, बाबा?” असं म्हणून मी टेप काढली आणि गाडीखाली शिरलो.

त्यानंतर जे झालं त्याला आमच्या धंद्यात तयारी म्हणतात, आणि घरोघरी नमनाला घडाभर तेल म्हणतात. स्प्रिंगा बाहेरून मागवल्या, त्या यायला दीड महिना लागला. आल्या त्या जड गाडीच्या. परत पाठवल्या. नव्या आल्या तोवर शॉक अडकले. शॉक आले आणि टायर मोठे पडले, वळवताना आतल्या पत्र्याला घासायला लागले. पत्रा कापला. मग चाकं तिरकी दिसायला लागली, त्यांचा कोन सरळ करायला वेगळे बोल्ट लागले, ते मागवले. प्रत्येक अडचणीला मी मनातल्या मनात खूश होत होतो, हे आज कबूल करतो. अडचण आली की ती सोडवायची, आणि सोडवली की चार गिऱ्हाइकांना दाखवायची. चौथ्या महिन्यात गाडी उभी राहिली तेव्हा तिच्याखालून मांजर शेपूट ताठ करून जात होतं. मी ती शहराबाहेरच्या खाणीत नेली, हातभर उंचीच्या दगडांवरून चढवली, उतरवली. एका गिऱ्हाइकाने फोटो काढले, ते सगळीकडे फिरले, आणि त्या फोटोंवर मला सहा नव्या गाड्यांचं काम मिळालं. माझी कॉलर ताठ.

बाबा अधूनमधून गॅरेजात यायचे. गाडीजवळ उभे राहायचे, दाराच्या खालच्या कडेवर हात ठेवायचे. मला वाटायचं, कौतुक करतायत.

एकदा जेवताना त्यांनी विचारलं, “गेट कधी बंद होतं रे?” मी म्हणालो, “अजून चिक्कार दिवस आहेत.” दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणालो, “बाबा, अर्धवट काम माझ्या हातून होणार नाही.” तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही.

बायकोने मला एकदा टोकलं होतं. ती घरी कपडे शिवते, तिचं लक्ष माणसांच्या अंगाकडे असतं. ती म्हणाली, “बाबा हल्ली एका पायरीवर दोन्ही पाय टेकतात, मग पुढच्या पायरीवर जातात. बघितलंस का?” मी म्हणालो, “वय झालं.” तिने आणखी एक तक्रार केली, की तिची मापाची टेप रोज जागेवरून हलते आणि संध्याकाळी पुन्हा जागेवर येते. मी म्हणालो, आपल्या घरात टेपला पाय फुटलेत. मला त्या दिवसांत सगळ्याचं हसू येत होतं.

गेट बंद व्हायला दोन आठवडे उरले तेव्हा मी जाहीर केलं, रविवारी निघायचं.

रविवारी बाबा नऊ वाजता तयार होऊन बाहेर आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, बुटांना पॉलिश, हातात रुमालात बांधलेला डबा. मी गाडी फाटकासमोर उभी केली होती, धुऊन पुसून. समोरचे निवृत्त पोस्टमास्तर गॅलरीत येऊन बसले होते. कोपऱ्यावरचे दोघेतिघे गाडी बघायला थांबले. मी दार उघडलं आणि ऐटीत म्हणालो, “बसा.”

म्हातारी माणसं गाडीत कशी बसतात हे मी तोवर नीट पाहिलंच नव्हतं. ती आधी पाय घालत नाहीत. आधी गाडीकडे पाठ करतात, सीटवर बसतात, मग एकेक पाय हाताने उचलून आत घेतात. बाबांनी पाठ केली आणि ते मागे टेकायला गेले, तर सीट त्यांच्या कमरेच्या वर. ते टेकले ते हवेत. मी पटकन धरलं. मग ते वळले आणि पाय आत टाकायला बघू लागले. उजवा पाय उचलला, तो दाराच्या कडेपर्यंत पोचला नाही. पुन्हा उचलला, नडगी कडेवर आपटली. बायको आतून पाट घेऊन धावत आली. पाटावर चढले तर पाट डगमगला आणि त्यांनी दोन्ही हातांनी दार घट्ट पकडलं. दार हललं. मी काखेत हात घालून त्यांना वर रेटायला लागलो, शर्ट पँटमधून बाहेर आला, आणि तेवढ्यात वरून पोस्टमास्तर म्हणाले, “अहो, त्यांना शिडी आणा शिडी.” कोपऱ्यावरचं कोणीतरी हसलं.

पायरी लावता आली असती. दाराखाली लावायची पायरी बाजारात मिळते, गॅरेजात दोन पडल्या होत्या. मी त्या लावत नाही. खडकाला अडकतात आणि दिसायलाही बेंगरूळ दिसतात.

बाबा म्हणाले, “राहू दे. मला खाली घे.”

आणि मी म्हणालो, “चार महिने मरमर मेलोय मी या गाडीसाठी. आणि तुम्हाला एक पाय उचलता येत नाही?”

हे मी मोठ्याने म्हणालो. गॅलरीपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. माझा राग पोस्टमास्तरांवर होता, हसणाऱ्यावर होता, सगळ्यात जास्त माझ्यावर होता, पण तो पडला बाबांवर. जवळचं माणूस असलं की नेम चुकत नाही.

बाबांनी शर्ट नीट खोचला. डबा बायकोच्या हातात दिला आणि ते आत गेले.

मी तासभर गाडीत बसून राहिलो. वर बसलं की सगळी गल्ली दिसते, एवढं खरं. मग बायको आली आणि खालूनच म्हणाली, “आमच्यात कापडाला कात्री लावायच्या आधी माणसाचं माप घेतात.” एवढं बोलून ती गेली. तिला भांडायचं असतं तर मला बरं वाटलं असतं.

माफी मागायची म्हणून दुपारी मी बाबांच्या खोलीत गेलो. ते भिंतीकडे तोंड करून झोपले होते. टेबलावर एक वही उघडी होती, शेजारी बायकोची टेप. वहीत रकाने आखलेले होते. तारीख, वेळ, उजवा, डावा, शेरा. सकाळी साडेआठ, संध्याकाळी साडेपाच, दोन महिने रोज. कपाटाला टेप लावून, आधार न घेता पाय किती इंच उचलला जातो याची ती नोंद होती. वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं, ‘गरज १८.’ दाराच्या खालच्या कडेची उंची. कौतुक करायला नव्हे, ती मापायला ते गॅरेजात येत होते. पहिल्या दिवशी उजवा अकरा, डावा नऊ. मग बारा. मग तेरा, डावा दहा. ‘प्रगती मंद.’ ‘पावसाळी हवा, गुडघा धरला.’ ‘उजवा चौदा, पुन्हा तपासले, चौदाच.’

शेवटची नोंद त्या दिवशी सकाळची. उजवा चौदा, डावा अकरा. म्हणजे जमणार नाही हे त्यांना साडेआठलाच माहीत होतं, आणि तरी ते बुटांना पॉलिश करून बाहेर आले होते. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘धरायला मुलगा आहे.’

मी वही होती तशी ठेवली. त्या संध्याकाळी साडेपाचची नोंद झाली नाही, आणि पुढेही कधी झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी आत घेतली आणि सगळं काढलं. ठोकळे, स्प्रिंगा, शॉक, टायर. जुनं सगळं परत चढवलं आणि माथ्यावर चार चकत्या बसवल्या, इंचाच्या. संध्याकाळी काम संपलं. एक दिवस लागला.

बाबांना बोलावून दाखवलं. त्यांनी गाडी पाहिली, मग मला पाहिलं. म्हणाले, “सगळं काढलंस? इतकी मेहनत केली होतीस.”

“बाबा, काल मी बोललो ते...”

“असू दे रे. कामावर जीव असला की होतं तसं.”

“मग उद्या जाऊ या?”

“बघू. उद्या गुडघा कसा आहे ते बघू.”

दुसऱ्या दिवशी गुडघा बरा नव्हता. तिसऱ्या दिवशीही नव्हता. मी रोज सकाळी विचारत होतो आणि ते रोज तितक्याच शांतपणे सांगत होते, आज नको. रुसले असते तर समजूत काढली असती. चिडले असते तर पाय धरले असते. पण ते चिडले नव्हते, त्यांना फक्त माझ्याकडून काही नको होतं. त्याच आठवड्यात त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. निघताना बाबांनी गाडीकडे पाठ केली, सीटवर बसले, एकेक पाय आत घेतला. मी हात पुढे केला होता, तो लागला नाही. म्हणाले, “आता छान झालीय.” मी म्हणालो, “मग इथूनच वर जाऊ या, बाबा. डॉक्टर राहू देत.” ते काचेतून बाहेर बघत म्हणाले, “नंबर काढलाय ना आपण. त्यांचा खोळंबा नको.”

गेट बंद झालं. बाबा म्हणाले, “पुढच्या वर्षी.” मी लगेच हो म्हणालो, कारण मला तेवढाच आधार होता. दोन महिन्यांनी त्यांना ताप आला, तो छातीत उतरला, आणि आठ दिवसांत सगळं आटोपलं. दवाखान्यात मी त्यांच्याजवळ होतो. ते पाण्याबद्दल बोलले, औषधाबद्दल बोलले, पलंगाची कड टोचते म्हणाले. ठाण्याचं नाव त्यांनी काढलं नाही.

या वर्षी गेट उघडलं त्या आठवड्यात मी एकटा निघालो. बायको येते म्हणाली, मी नको म्हणालो. रस्ता वळणावळणाचा होता, पण चांगला होता. शेवटचा चढ आला तसा मी वेग कमी केला, काच खाली केली आणि दगड शोधत पुढे निघालो. चढ संपला आणि समोर पठार आलं, तरी दगड आला नाही. वाटलं, चुकला. गाडी मागे घेतली, खाली उतरलो आणि चालत चढ पुन्हा पाहिला. वीतभर काय, बोटभर उंचीचंही काही नव्हतं. सरळ, दाबून घेतलेला मुरुमाचा रस्ता.

गाडी घेऊन वर आलो, तर ठाण्याच्या जवळ एक टॅक्सी उभी होती. जुनी, बुटकी, साधी गाडी, पोट जमिनीला टेकायला आलेलं. तिच्यातून आलेलं एक म्हातारं जोडपं ओसरीवर बसून काहीतरी खात होतं. टॅक्सीवाला बॉनेटला टेकून उभा होता. मी त्याला विचारलं, इथे चढावर एक आडवा दगड होता ना?

“होता,” तो म्हणाला. “फोडला की. चारपाच वर्षं झाली. आता काहीही येतं वर.” मग त्याचं लक्ष माझ्या चाकांकडे गेलं. धंद्यातला माणूस, त्याच्या नजरेतून सुटणार नाही. “थोडी उंच केलीय वाटतं?”

“इंचभर.”

“कशाला?”

या एका प्रश्नाचं उत्तर मी आजवर शेकडो लोकांना दिलंय, तास तास दिलंय. त्याला म्हणालो, “वडिलांना वर आणायचं होतं.”

तो मान हलवून हसला, आणि वडिलांना उतरवायला मदत करावी म्हणून माझ्या गाडीकडे गेला.